पावडरीचा डबा पोचला

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे सध्या कंबर जेवढी परवानगी देते तेवढंच. उरलेला नमस्कार मनातल्या मनात पुरा केला आहे, तो पोचला असं धरून चालावं.)

वर सवयीनं 'सौ.' लिहून गेलो. लिहिल्यावर लक्षात आलं. खोडायला गेलो तर हात धजेना. तुम्हाला खाडाखोड आवडत नाही, असं कारण मी माझं मलाच दिलं आणि पुढे लिहायला घेतलं. वाईट वाटलं तर त्या अक्षरावर बोट ठेवून बाकीचं वाचा.

तर पत्रास कारण की तुम्ही पाठवलेला पावडरीचा डबा पोचला. झाकण घट्ट होतं, काही सांडलं नाही. तुमची तब्येत कशी आहे? तिकडची हवा मानवली का? बाळीच्या इमारतीला लिफ्ट आहे हे ऐकून तुमच्या गुडघ्याच्या वतीनं मला आनंद झाला. पण लिफ्टमध्ये समोर मोठा आरसा असतो म्हणे, तेव्हा तुम्ही दर वेळी आरशातल्या बाईला 'आधी तुम्ही जा' म्हणून बाजूला सरकत असाल आणि तेवढ्यात दार मिटत असेल, हे मी इथे बसल्या बसल्या सांगू शकतो. फोन असताना पत्र कशाला, असं बाळी विचारील. तिला सांगा, फोनवर तुम्ही म्हणता 'बरंय ना?', मी म्हणतो 'बरंय', आणि मग दोघंही गप्प बसतो. गप्प बसायला पैसे कशाला मोजायचे?

आता मुद्द्याचं. बाळीनं निरोप दिला की आई आता कायमची इकडेच राहील, तेव्हा काकांनी आईचं कपाट तेवढं पाठवून द्यावं. काका म्हणजे मी. दुसऱ्यांची कपाटं हलवण्यात ज्याची हयात गेली, त्याला घरातलं एक कपाट पाठवायला एवढे दिवस का लागावेत, हा प्रश्न तुम्हाला पडला असणारच. (जावईबापूंना तर पडलाच असेल. ते ऑफिसात हिशेब तपासतात, त्यांना सगळ्याचाच प्रश्न पडतो.) उत्तर एकच, वहिनी : अंगदुखी. कपाट पाठवायला माझी ना नाही. तुम्ही तिकडे राहण्यालाही माझी ना नाही. आईनं लेकीकडे राहायचं नाही तर काय दिराकडे राहायचं? तुम्ही महिन्यासाठी म्हणून गेलात, आता ऋतू बदलला, तरी 'कधी येताय' असं मी एका शब्दानं विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. फक्त अंग बरं होऊ द्या. अंग बरं झालं रे झालं की दुसऱ्या दिवशी कपाट गाडीत. पण ते मेलं होतच नाही, त्याला मी तरी काय करू?

दुखणं कसं लागलं ते बाळीला मी 'जिन्यात घसरलो' एवढंच सांगितलंय. खरं म्हणजे मी घसरलो नाही. आमच्या कामाची रीत तुम्हाला पाठ आहे, पण हे पत्र बाळी वाचून दाखवील म्हणून तिच्यासाठी सांगतो. जड सामान जिन्यावरून उतरवताना खालच्या अंगाचा माणूस उलटा चालतो आणि वरच्या अंगाचा सरळ. उलट्याला मागचं दिसत नाही. सरळ्यानं बघायचं आणि सांगायचं : पायरी, पायरी, वळण, उंबरा, टेक. मी जन्मभर उलटा आणि दादा जन्मभर सरळ. (घरातही तसंच होतं, असं तुम्ही म्हणायचात.) इतक्या वर्षांत मी एकदाही मान वळवून मागे पाहिलं नाही. पाहायचं कशाला? दादाचा आवाज आला की पाय टाकायचा. एकदा त्याचा घसा बसला होता तर त्यानं नुसत्या शिट्ट्यांवर माझ्याकडून एका वकिलाची तिजोरी खाली उतरवून घेतली होती. पायरीला एक शिट्टी, वळणाला लांब शिट्टी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून आम्हा दोघांची जी खरडपट्टी काढली, तिला तोड नाही. त्यांना वाटलं शिट्ट्या त्यांच्यासाठी आहेत.

दादानंतर जोडीला कुणीतरी हवंच, म्हणून व्यायामशाळेतल्या पहिलवानाला घेतलं. माणूस भला आहे. दंड असे की शर्टाच्या बाह्या केविलवाण्या दिसतात. पण बोलायच्या नावानं पूज्य, आणि वर कानात गाण्याची बोंडं खुपसलेली. आम्ही एका दंतवैद्याचं लोखंडी कपाट उतरवत होतो. मी सवयीनं खालच्या अंगाला उलटा लागलो. दोन पायऱ्या, चार पायऱ्या, सगळं ठीक. वळण आलं. कुणी काही म्हणालं नाही. सांगितलं नाही म्हणजे वळण नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं, म्हणून मी आपला सरळ चालत राहिलो, म्हणजे उलटा चालत राहिलो, तो भिंतीवर आपटलो, तिथून खाली बसलो, आणि पुढच्या पायऱ्या बसल्या बसल्याच उतरलो. कपाट पहिलवानानं एकट्यानं तोलून धरलं. (हा त्याच्या व्यायामशाळेतल्या पावडरीचा प्रताप, असं तो अजून येईल त्याला सांगतो.) दंतवैद्य तोंडाला फडकं बांधून बाहेर आले, माझे दात शाबूत आहेत एवढं पाहिलं, आणि निर्धास्त होऊन आत गेले.

डॉक्टरांनी फोटो काढला. एकही हाड मोडलेलं नव्हतं. मग रक्त तपासलं आणि म्हणाले, ड जीवनसत्त्व कमी आहे, उन्हात फिरत नाही का? जन्मभर भर उन्हात ओझी वाहिली त्याला हे विचारतात! म्हटलं, फिरतो की साहेब, पण कपाटाच्या सावलीत. ते हसले, एक गोळी लिहून दिली, थोडे दिवस आराम करा म्हणाले. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण दुखणं एकाचं असलं तरी औषध सगळ्यांकडे असतं.

पहिले आले शेजारचे हेडक्लार्क. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्याही अर्जावर शेरा मारता येत नाही, म्हणून ते लोकांच्या प्रकृतीवर मारतात. त्यांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या. सोन्यासारख्या पिवळ्याधमक, बघायला सुरेख. पण गिळल्यावर तासाभरानं जो ढेकर येतो, वहिनी, त्यात अख्खा समुद्र असतो. आपल्या जिन्यातली ती करडी मांजर, जिनं मला आजवर कधी ओळख दाखवली नाही, ती आता माझ्यासमोर येऊन बसते आणि मी बोलू लागलो की अगदी जीव लावून ऐकते. घरात माझं एवढं कुणीच ऐकत नाही. सांध्यांना फरक म्हणाल तर शून्य.

मग पहिलवान. त्याला माझ्या पडण्याचं फार लागलंय. तो रोज येतो, दाराशी उभा राहतो, आणि 'काका, कसं वाटतंय?' एवढं विचारून खाली बघतो. त्यानं स्वतःच्या पावडरीचा डबा आणून दिला. डबा म्हणजे बादलीच, आणि वर एका माणसाचं चित्र, ज्याला मान नाही. सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायचं. माझ्या दंडात काही आलं नाही, पोटात मात्र असं काही आलं की मी खोलीत पाऊल टाकलं की ही उठून खिडक्या उघडायची. शेवटी तो डबा पहिलवानाला प्रेमानं परत केला.

आणि मग गुडघ्याला बाशिंग बांधून आमचे मेहुणे हजर. हिचे सख्खे बंधू, तेव्हा जपून लिहितो. (ही वाचणार नाही, पण भिंतींना कान असतात आणि हिला दोन जास्तीचे आहेत.) त्यांनी हल्ली साखळीचा धंदा धरलाय. एकानं दोघांना विकायचं, दोघांनी चौघांना, आणि चौघांनी तोंड चुकवत फिरायचं. ते मला एका सभागृहात घेऊन गेले. व्यासपीठावर एक गृहस्थ कुबडी टेकत आले, आमच्या गोळ्यांनी सांध्यांतलं वंगण परत येतं म्हणाले, आणि सर्वांसमोर कुबडी फेकून चालून दाखवलं. टाळ्यांचा कडकडाट. मी आपला कुबडीकडे बघत होतो. ती त्यांच्या उंचीची नव्हतीच, चांगली वीतभर आखूड होती. सामान वाहणाऱ्याच्या नजरेत माप बसलेलं असतं हो. मग मेहुण्यांनी मलाच वर ढकललं. माईक हातात देऊन विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, पाठ दुखते. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. येताना एक गोळ्यांची आणि एक कसल्याशा कूर्चेच्या पावडरीची बाटली गळ्यात पडलीच.

हे सगळं घरात साठल्यावर हिनं कारभार हाती घेतला. औषधवाल्याकडून आणखी चार बाटल्या आणि कप्प्याकप्प्यांची डबी आणली. मला तेव्हा कळलं की कॅल्शियम आणि लोह यांचं हाडवैर आहे, एक पोटात असताना दुसरं पाऊल ठेवत नाही. म्हणून कॅल्शियमला सकाळ आणि लोहाला दुपार. लोहाला चहा चालत नाही म्हणून दुपारचा चहा बंद. मॅग्नेशियमनं झोप लागते म्हणून ते रात्री, पण माशाचं तेल जेवणानंतर, आणि ड जीवनसत्त्वाला सोबत तूपकट काही हवं. आमच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांच्या पंगती एवढ्या मानापमान सांभाळून बसवल्या नव्हत्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते उगीच नाही. यात पखाल मी.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या मागवून टेबलावर मांडल्या आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाले, यातल्या निम्म्या एकच आहेत, नुसती नावं वेगळी, आणि असंच चालू राहिलं तर हाडं राहतील पण मूत्रपिंडं राजीनामा देतील. त्यांची गोळी सोडून सगळं बंद. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, नेमकं दुखतं कुठे? साधा प्रश्न. मी बोट ठेवायला गेलो. खांद्यावर ठेवलं, तिथं नव्हतं. कंबरेवर नेलं, तिथंही नव्हतं. बोट नुसतं फिरत राहिलं, वहिनी, कुठे टेकेना. डॉक्टर थांबले होते. मला लाज वाटली, म्हणून मी आपलं गुडघ्यावर ठेवून दिलं.

दादाला मात्र या गोळ्या-पावडरींचं कोण कौतुक! वर्तमानपत्रात हाडांविषयी काही आलं की पहिला चहा बाजूला ठेवून वाचायचा. ओझेवाल्याची खरी पुंजी हाडं, हे त्याचं म्हणणं. सकाळी तुम्ही दूध द्यायचात आणि तो डब्यातून चमचा असा काही शिगोशीग भरून काढायचा की पावडर ओट्यावर सांडायची आणि तुम्ही ओरडायचात. मग मलाही घ्यायला लावायचा. तू उलटा चालतोस, पडलास तर तूच पडशील, म्हणायचा. सगळं हाडांचं केलं त्यानं. छातीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. गॅस असेल म्हणाला, आणि आपण ओवा शोधत बसलो. हाडं शेवटपर्यंत ठणठणीत होती हो त्याची.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. तुम्ही खाली बाळीजवळ होतात. वरून त्याला स्ट्रेचरवरून आणायचं होतं, आणि वॉर्डातला माणूस म्हणाला, काका, तुम्ही राहू द्या, मी दुसऱ्या कुणाला बोलावतो. मी म्हटलं, माझं कामच आहे हे. मी सवयीनं खालच्या अंगाला लागलो, उलटा. पहिल्या पायरीपाशी येऊन उभा राहिलो. उभाच राहिलो. तो वॉर्डातला माणूस विचारू लागला, काय झालं, काका? त्याला काय सांगणार? पायरी म्हणणारा आमच्या दोघांच्या मध्ये चादर पांघरून पडला होता. मग मी आयुष्यात पहिल्यांदा मान वळवली आणि मागे बघत बघत त्याला खाली आणलं. असो. हे तुम्हाला लिहायचं नव्हतं, लिहून गेलो. बाळी वाचून दाखवत असेल तर तिला म्हणावं, हा मजकूर गाळ.

तर सांगायचा मुद्दा, तुमचा डबा. दादाचा उरलेला डबा वाया जाऊ नये आणि मला गुण यावा म्हणून तुम्ही आठवणीनं पाठवलात, आत त्याचा चमचासुद्धा ठेवलात, डबा हलवला की वाजतो. तुमची माया मला नवी नाही. तुम्ही या घरात आलात तेव्हा मी हाफ पँटीत होतो आणि माझं नाक तुम्ही पुसलं आहे. डॉक्टरांचा हुकूम मोडून मी तुमची पावडर रोज दोन चमचे दुधातून घेतो. पण खरं सांगू का, फरक नाही. काडीचा नाही. तेव्हा कपाटाचं सध्या तरी जमेल असं वाटत नाही, जावईबापूंना तसं समजावून सांगावं. घाई करण्यात अर्थ नाही. कपाट बिचारं कुठे पळून जातंय?

इकडे बाकी सगळं क्षेम आहे. तुमच्या खोलीचं दार लोटलेलं असतं, खिडकी ही रोज उघडते. तिकडच्या मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना पाठीवर थाप, आणि आरशातल्या त्या बाईंना माझी विचारपूस सांगावी.

तुमचा,
भाऊजी

ता. क. कपाटाविषयी आणखी एक अडचण निघाली. आज माप घेतलं. ते तुमच्या खोलीच्या दारातून बाहेर निघत नाही. मग आत कसं आलं, असं बाळी विचारील. दादानं आणि मी आणलं होतं. दोघांना जमलं होतं.

ता. क. ती. जाऊबाईंना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्या हाती दिलं म्हणून हे चार शब्द मी लिहिते आहे. कपाट दारातून आरामात निघतं, मी टेप लावून बघितलं, वर चार बोटं जागा राहते. ह्यांची कंबर केव्हाच बरी झाली. डॉक्टरांनी कामाला लागा म्हणून सांगितलं आणि हे लागलेसुद्धा. परवाच हेडक्लार्कांचा नवा फ्रिज ह्यांनी आणि पहिलवानानं वर चढवला. पावडरीचं म्हणाल तर डबा ह्यांनी अजून उघडलेला नाही. माझ्या भावानं चुकून हात लावला तर त्याच्या अंगावर धावून गेले. डबा तुमच्या कपाटावर ठेवलाय आणि रोज सकाळी जाऊन बघून येतात. तुम्हाला वाटेल हे खोटं दुखणं आहे. खोटं नाही हो. कपाट आज काढू या, असं मी म्हटलं की ह्यांना खरोखरच कळ येते, अगदी घाम फुटतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मला तर काही सुचत नाही. माझं हे ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आणि भिंतींना कान असतात ते मी वाचलं आहे.

ता. क. पाकीट चिकटवायला एवढा वेळ लागत नाही, म्हणून मला संशय आला आणि मी ते पुन्हा फोडलं. हिनं लिहिलेलं सगळं खरं आहे. वहिनी, दादा गेला त्या दिवशी मला रडायला सवड झाली नाही. माणसं येत होती, खुर्च्या मांडायच्या होत्या, मग त्याच खुर्च्या उचलायच्या होत्या. जो तो येऊन सांगत होता, तू खंबीर राहा, म्हणून राहिलो. मग तुम्ही गेलात. आता हिच्यासमोर डोळे भरून आले तर ही घाबरते आणि डॉक्टरांना फोन लावते. पहिलवान बिचारा आणखी एखादी बाटली घेऊन येतो. कपाट तुमचंच आहे, न्यायचं तर न्या, मी स्वतः उतरवून देईन. पण ते न्यायला तुम्ही या. एक दिवस या, माझ्यासमोर बसा, आणि मला काही घ्यायला सांगू नका. मला माझ्या भावासाठी रडायचं आहे, आणि तुमच्याशिवाय ते कुणासमोर येत नाही.